जुन्या गाडीला कंपनीचा पार्ट की मार्केटचा?

प्रश्न असा आहे: स्विफ्ट पेट्रोल, २०११ चं मॉडेल, सव्वा लाख किलोमीटर. गॅरेजने कामाची यादी दिली आहे: पुढचे दोन्ही लोअर आर्म (चाकाला खालून धरणारे हात), चारही शॉकअप, पुढचे ब्रेक पॅड, क्लच, इंजिनाची फाउंडेशन (इंजिन धरणारे रबरी आधार) आणि रेडिएटर. अंदाज दोन दिले आहेत. सगळं कंपनीचं घातलं तर एक आकडा, ‘मार्केटचं’ घातलं तर त्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवायची आहे, पंधरा वर्षं भरत आल्यामुळे आरटीओचं पासिंगही आहे. काय घ्यावं?

दोन्ही अंदाज बाजूला ठेवा आणि गॅरेजवाल्याकडून एकच मागा: प्रत्येक पार्टपुढे तो बनवणाऱ्याचं नाव. ‘मार्केटचा माल’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्यात चांगल्यात चांगला आणि वाईटात वाईट असे दोन्ही पार्ट बसतात. नाव लिहून मिळत नसेल तर त्या अंदाजाला काही अर्थ नाही.

बाजारात मिळणारा माल साधारण चार प्रकारचा असतो. पहिला, मारुती जेन्युइन पार्ट्सच्या खोक्यातला. दुसरा, ज्या कारखान्याने तो पार्ट मारुतीला पुरवला त्याच्याच नावाच्या खोक्यातला. मारुती स्वतः शॉकअप, काचा, दिवे, बेअरिंग बनवत नाही. एसीची बरीच सामग्री सुब्रोसची, काचा एआयएसच्या, दिवे लुमॅक्ससारख्यांचे. तिसरा, नावाजलेल्या पण तुमच्या मॉडेलला मूळ पुरवठा न करणाऱ्या कंपनीचा. चौथा, बिननावाचा किंवा आज आहे उद्या नाही अशा नावाचा. याशिवाय डुप्लिकेट, म्हणजे पहिल्या तीन प्रकारांचं खोकं घालून आलेला चौथा.

दुसऱ्या प्रकारातला माल स्वस्त आणि तितकाच चांगला, मग तो सर्रास का दिसत नाही? कारण अनेक कार कंपन्यांनी पुरवठादारांना थेट बाजारात विकायला करारांनी अटकाव केला होता. याच मुद्द्यावर भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला; प्रकरण पुढे वरच्या न्यायालयांत गेलं. आजही काही पार्ट पुरवठादाराच्या नावाने सहज मिळतात, काही फक्त कंपनीच्या खोक्यातच मिळतात. आणि एक सावधगिरी: पुरवठादार तोच असला तरी बाजारासाठी तो कधीकधी वेगळ्या दर्जाचा माल काढतो. ब्रेक पॅडमध्ये हे जास्त होतं. खोक्यावरच्या नावासोबत पार्टचा नंबरही जुळवायचा तो म्हणूनच.

मूळ पुरवठादार कोण हे शोधायला काही लागत नाही. निघालेला जुना पार्ट घासून पुसून पाहा. क्लचच्या प्रेशर प्लेटवर, शॉकअपच्या नळीवर, ऑक्सिजन सेन्सरच्या षट्कोनावर, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीवर बनवणाऱ्याचं नाव उठवलेलं किंवा कोरलेलं असतं. गाडीत अजून कारखान्यातलाच पार्ट असेल तर तेच तुमचं उत्तर. कंपनीचा नंबर हवा असेल तर चासी नंबर देऊन शोरूमच्या स्पेअर काउंटरवर काढून घ्या, मॉडेलचं नाव सांगून नाही. २०११ च्या ऑगस्टमध्ये स्विफ्टचा साचाच बदलला, त्यामुळे ‘२०११ ची स्विफ्ट’ म्हणजे दोन वेगळ्या गाड्या. दुकानात नुसतं एवढं सांगितलं की चुकीचा लोअर आर्म हातात पडायची शक्यता निम्मी. सुझुकीच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्टचा प्रकार सांगतात, १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर, १३७८० म्हणजे एअर फिल्टर, आणि पुढची अक्षरं-आकडे मॉडेल. नंबर बदलून नवा आला आहे का, हेही तिथेच विचारा. जुन्या नंबरावर ‘माल येत नाही’ म्हणणारे काउंटर असतात, बदली नंबरावर तोच पार्ट पडून असतो.

आता निवड. प्रत्येक पार्टला दोन प्रश्न लावायचे. तो चालत्या गाडीत निकामी झाला तर काय होईल? आणि तो पुन्हा बदलावा लागला तर मजुरी किती पडेल? किंमत त्यानंतर.

क्लचपासून सुरू करू, कारण सर्वांत जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी वाचवले जातात. क्लच काढायला गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो, म्हणजे जवळपास एका माणसाचा दिवस. स्वस्त प्लेट वर्षभरात घसरायला लागली की तीच मजुरी परत. इथे कंपनीचा संच किंवा व्हॅलिओ, लुक, एक्सेडी यांपैकी एकाचा संच घ्या. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकाच खोक्यातले. प्लेट एकाची आणि प्रेशर प्लेट दुसऱ्याची असा मेळ घालू नका. प्रेशर प्लेटच्या डायफ्रॅम स्प्रिंगच्या बोटांची उंची आणि बेअरिंगची जागा जुळली नाही तर पेडल जड होतं किंवा क्लच पूर्ण सुटत नाही, आणि रिव्हर्सला करकर येते. नवं फेसिंग (घासणारं अस्तर) चिकटवलेली जुनी प्लेट कितीही स्वस्त मिळाली तरी नको. गिअरबॉक्स खाली असताना क्रँकचं मागचं ऑइल सील पाहून घ्या. तिथे ओलसरपणा असेल तर आत्ताच बदला, आणि हे सील कंपनीचंच घ्या. पुढे गळलं तर नवीन प्लेट तेलाने खराब होते. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा केसासारख्या चिरा दिसल्या तर त्यावर नवी प्लेट चढवण्यात अर्थ नाही. स्प्लाइनला, म्हणजे प्लेट ज्यावर सरकते त्या दातेरी शाफ्टला, ग्रीस अगदी बोटाच्या टोकाइतकं, जास्तीचं पुसून. जास्त लावलं की ते फिरताना उडून फेसिंगवर जातं.

ब्रेक पॅड. इथे कंपनीचाच हवा असं नाही, पण नावाचा हवाच. ब्रेक्स इंडिया, राणे, बॉश यांचे पॅड चालतात. पॅडच्या मागच्या पत्र्यावर बनवणाऱ्याचं नाव, बॅच आणि शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात, उदाहरणार्थ ‘एफएफ’. पहिलं अक्षर कमी तापमानाला असलेलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर ब्रेक मऊ पडणार. आंबेनळी किंवा वरंध घाट उतरताना हेच कळतं, गल्लीत कळत नाही. ज्या पॅडवर कसलीच अक्षरं नाहीत तो घेऊ नका. हलक्या पॅडमध्ये दुसरी खोड म्हणजे पत्र्याला अस्तर नीट चिकटलेलं नसतं. पावसाळ्यात मध्ये गंज शिरतो आणि अस्तर कडेने उचलतं.

पॅड बदलताना जे राहतं ते पॅडइतकंच महत्त्वाचं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजा. त्याखाली असेल तर डिस्कही बदला. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा, त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबरी टोप्या फुगतात, पिन अडकते आणि एका बाजूचा पॅड दुप्पट वेगाने झिजतो. मग दोष नव्या पॅडवर येतो. बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर साठच्या वेगावरून दहापर्यंत आठ-दहा वेळा मध्यम दाबाने ब्रेक लावा, प्रत्येक दोन वेळांमध्ये थोडं गार होऊ द्या, आणि तापलेल्या अवस्थेत पूर्ण दाबून उभे राहू नका. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर आत्ता बदला. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर ओला असेल तर तो कंपनीचाच घ्या. स्वस्त सिलिंडरची सीलं लवकर गळतात आणि ते ऑइल थेट लायनरवर पडतं.

लोअर आर्मच्या बाबतीत आधी हे ठरवा की आर्म खरंच बदलायचा आहे का. कंपनी बहुतेक वेळा पूर्ण आर्मच विकते, बाजारात नुसते बुश (आर्मच्या टोकातले रबरी तुकडे) मिळतात. गाडी उचलून, चाक लटकत ठेवून, पहार घालून बघा: बॉल जॉइंटला (आर्म आणि चाक जोडणाऱ्या गोल सांध्याला) खेळ आहे की फक्त बुश फाटले आहेत? बॉल जॉइंट घट्ट असेल, त्याचा बूट अखंड असेल आणि आर्मला गंज-वाक नसेल तर प्रेसवर बुश बदलणं पुरेसं आहे. हातोड्याने ठोकून नाही. आर्मचा पत्रा वाकतो आणि मग अलाइनमेंट लागत नाही. बॉल जॉइंट सैल असेल तर पूर्ण आर्म, आणि तो कंपनीचा किंवा राणेसारख्या स्टिअरिंग-सस्पेन्शनच्या जुन्या नावाचा. बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं पडतं, म्हणून इथे चौथा प्रकार बाद. पैशाची फारच ओढाताण असेल तर ती क्लच-ब्रेक-स्टिअरिंग सोडून बाकीच्या यादीत करा.

नवे बुश सहा महिन्यांत फाटतात अशी तक्रार नेहमीची आहे आणि तिचा दोष बहुतेक वेळा पार्टचा नसतो. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि मिस्त्री बोल्ट पूर्ण आवळून टाकतो. गाडी खाली आली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेल्या अवस्थेत राहतं. बरोबर पद्धत अशी: बोल्ट हाताने लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, पुढून दोन-तीनदा दाबून सस्पेन्शन बसू द्यायचं आणि मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळायचं. खड्डा किंवा रॅम्प लागतो, दहा मिनिटं जास्त जातात. त्यासाठी अडून बसा.

शॉकअप चारही एकदम बदलण्याची गरज क्वचितच असते. पुढचे दोन किंवा मागचे दोन असे जोडीने बदला. नळीवर नुसता ओलसर थर म्हणजे गळती नव्हे. तेल ओघळून खाली माती चिकटलेली असेल तर तो गेला. इथे गॅब्रिएल, मोनरो यांचा माल कंपनीच्या खोक्याला तोडीस तोड आणि किंमतीला हलका. वाचलेल्या पैशातून वरचं माउंट आणि त्याचं बेअरिंग, धुळीचा बूट आणि बंप स्टॉप नवे घ्या. जुन्या फाटक्या बुटाने नवा शॉकअप एका पावसाळ्यात मारता येतो: रॉडवर चिखल चढतो, सील कापतं. बसवण्याआधी शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, आतली हवा निघते. रॉड पकडीने धरणाऱ्या मिस्त्रीला तिथेच थांबवा, एक ओरखडा सील फाडायला पुरतो. वरचा नट हवेच्या गनने नको.

फाउंडेशन, म्हणजे इंजिन माउंटिंग. या यादीत ‘फक्त कंपनीचं’ असं मी ज्यावर लिहीन तो हा पार्ट आहे, आणि त्यात जिवाचा धोका फारसा नाही. मुद्दा रबराच्या मऊपणाचा आहे. बाहेरचं माउंट दिसायला तेच, भोकं तीच, पण रबर कडक. मग सिग्नलला उभं असताना स्टिअरिंग आणि सीट थरथरतात, आणि लोक इंजेक्टर साफ करत बसतात. नवीन माउंट घातल्यावरही थरथर राहिली तर आधी माउंटचा मेक विचारा.

पण कंपनीच्या रबरातही एक खोच आहे. जुन्या मॉडेलचा कमी खपणारा रबरी पार्ट शोरूमच्या फळीवर वर्षानुवर्षं पडून असू शकतो. रबर पडूनही म्हातारं होतं. पॅकबंद मालावर बनवल्याचा किंवा पॅक केल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, ते वाचा. पाच-सहा वर्षं पडलेलं कंपनीचं माउंट, होज किंवा बूट घेण्यापेक्षा तिसऱ्या प्रकारातला यंदाचा माल बरा. वाकवून पाहा, वळणावर बारीक भेगा दिसल्या की परत करा.

रेडिएटरला बॅन्को, सुब्रोस किंवा व्हॅलिओचा चालतो. स्वस्त रेडिएटरमध्ये पन्ह्या (हवेने गार होणाऱ्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) विरळ असतात आणि गाभा पातळ. जानेवारीत काही कळत नाही, मे महिन्यात एसी लावून खंबाटकी चढताना काटा वर जातो. जुना-नवा शेजारी ठेवून गाभ्याची जाडी आणि एका इंचातल्या पन्ह्या मोजा. सोबत टोपी नवी घ्या, जुन्या टोपीवर छापलेल्याच दाबाची. थर्मोस्टॅट कंपनीचा, तो स्वस्त पार्ट आहे आणि अडकला तर हेड गॅस्केट घेऊन जातो. कूलंट तयार मिश्रणाचं, किंवा घट्ट कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. बोअरचं पाणी घालून नवा रेडिएटर वर्षात तुंबवता येतो.

यादीत नाहीत पण पुढे येतीलच असे काही पार्ट. ऑइल फिल्टर: तुमच्या गाडीच्या १.२ लिटर के-सीरिज इंजिनात टायमिंग चेन आहे, आणि तिचा टेन्शनर तेलाच्या दाबावर चालतो. हलक्या फिल्टरमध्ये तेल परत खाली उतरू न देणारी झडप नीट धरत नाही, म्हणून सकाळी सुरू करताना दोन सेकंद खडखड येते. कंपनीचा, बॉशचा, माहलेचा किंवा प्युरोलेटरचा घ्या. रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा, पाना नको. २०१० पर्यंतच्या स्विफ्टचं १.३ पेट्रोल इंजिन चेनऐवजी टायमिंगच्या पट्ट्यावर चालायचं, तसंच ह्युंदाईच्या सँट्रो आणि १.१ लिटर आय-टेनचंही. त्यांना पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला, तेही कंपनीचे किंवा गेट्स, कॉन्टिटेकसारख्यांचे. चेनच्या गाडीला पट्टा बदलायचं बिल लावणारेही सापडतात, त्यामुळे आपलं इंजिन कोणतं ते माहीत असू द्या.

सेन्सर मूळ बनवणाऱ्याचाच: डेन्सोचा असेल तर डेन्सो, बॉशचा असेल तर बॉश. वायर कापून जोडायचा ‘युनिव्हर्सल’ ऑक्सिजन सेन्सर नको. तो जोड पहिल्या पावसात गंजतो आणि पीयूसीच्या वेळी त्रास देतो. अल्टरनेटर आणि स्टार्टर मात्र सरळ नवे घेऊ नका. बहुतेक वेळा कार्बन ब्रश, बेअरिंग किंवा रेग्युलेटर एवढंच गेलेलं असतं, आणि चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन ते नवीनच्या पाव किमतीत उभं करतो. बंपर, व्हील आर्चचं प्लास्टिक, आरशाचं कव्हर यांत बाहेरचा माल खुशाल घ्या; फटी थोड्या कमी-जास्त येतील इतकंच. हेडलाइट मात्र नावाचा घ्या. स्वस्त दिव्याची काच दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते आणि झोत भलतीकडे जातो, आणि पासिंगला दिवे तपासतात.

एअरबॅग, तिची स्टिअरिंगमधली गुंडाळी वायर आणि सीटबेल्ट: फक्त कंपनीचे, फक्त नवे. कुर्ल्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही भंगार बाजारातून दरवाजा, सीट, डॅशबोर्डचे तुकडे, काच वर-खाली करणारी मोटर हे आणायला हरकत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि रबर तिथून आणायचं नाही. जुना ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणला तर तो इमोबिलायझरशी (किल्ली ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेशी) जुळवल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

डुप्लिकेट टाळायचं तर पुण्यात नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या अशाच बाजारात कंपनीच्या पार्टचा अधिकृत वितरक गाठा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या, पार्ट नंबर लिहिलेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे. आधी बऱ्याच पार्टांवर २८ टक्के होता, त्यामुळे जुन्या छापील किमतीचा माल असेल तर विचारून घ्या. छापील किमतीवर थोडी सूट सगळीकडे मिळते. पण ‘कंपनीचाच आहे, चाळीस टक्के कमी’ असं कुणी म्हणालं तर तो कंपनीचा नाही. सर्वांत जास्त नकला पटकन खपणाऱ्या मालाच्या होतात: फिल्टर, प्लग, पॅड, बेअरिंग, ऑइल. खोक्यावरचा नंबर आणि पार्टवर कोरलेला नंबर एकच आहे का पाहा. प्लगचा सिरॅमिक भाग स्वच्छ, छपाई नखाने न निघणारी, इलेक्ट्रोड बरोबर मध्यावर हवा. काम झालं की रिकामी खोकी फाडून टाका आणि जुने पार्ट ताब्यात घ्या. अख्खी खोकी भंगारात गेली की ती पुन्हा भरली जातात.

तुमच्या यादीपुरतं: क्लचचा संच नावाचा आणि मागचं सील कंपनीचं, पॅड नावाचे, डिस्क मोजून, आर्म आधी तपासा, लागलाच तर कंपनीचा किंवा नावाचा, शॉकअप फक्त पुढची जोडी, बाहेरची पण पूर्ण किटसह, फाउंडेशन कंपनीची, तारीख बघून, रेडिएटर बाहेरचा, टोपी आणि थर्मोस्टॅटसह. खर्च दोन्ही अंदाजांच्या मधे कुठेतरी येईल, आणि मागचे शॉकअप वगळल्याने कदाचित खालच्या आकड्याच्या बराच जवळ. क्रम असा ठेवा की क्लच आणि फाउंडेशन एकाच दिवशी होतील, कारण गिअरबॉक्स उतरवताना तसंही एक-दोन माउंट सोडावंच लागतं. त्याची वेगळी मजुरी देऊ नका. आर्म आणि शॉकअप एकाच वेळी करा, म्हणजे अलाइनमेंट एकदाच करावं लागेल. पाचशे किलोमीटर झाल्यावर आर्मचे बोल्ट आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून घ्या.